दाणे, चकत्या आणि पंधरा कवड्या

१८४४६७४४०७३७०९५५१६१५.

वाचायचा प्रयत्न करू नका, नुसती बघा. वीस आकडी आहे. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. ही तुम्हाला लहानपणी भेटलेली आहे, फक्त तेव्हा कुणी तिचं पूर्ण नाव सांगितलं नव्हतं. बुद्धिबळाचा शोध लावणारा हुशार माणूस, त्याच्यावर खूश झालेला राजा, ‘माग काय हवं ते’, आणि मग पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजा आधी हसतो, मग त्याची कोठारं रिकामी होतात आणि गोष्ट संपते. त्या गोष्टीत जी बेरीज सांगायची राहून जाते, ती ही.

या एका संख्येवर गेल्या हजारेक वर्षांत बऱ्याच गोष्टी रचल्या गेल्या. त्यातल्या काही मी हल्ली पुन्हा वाचल्या, कथा-कादंबऱ्या वाचतो तशाच. म्हणजे कोण सांगतंय, कुणाला, कशासाठी, आणि सांगताना त्या बिचाऱ्या संख्येचं काय होतंय. हे करण्यामागे एक जुनी कुरकुर आहे. मोठ्या संख्येची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक संख्येबद्दल काहीच सांगत नाहीत. ते आपल्याला ‘बापरे’ म्हणायला लावतात आणि निघून जातात. कवितेबद्दल कुणी ‘फार लांब आहे हो’ एवढंच सांगितलं, तर आपण त्याला समीक्षक म्हणू का?

तपासायला मी एक साधी चाचणी वापरली. गोष्टीतली संख्या बदलून बघायची. या वीस आकड्यांच्या जागी एकावर एकोणीस शून्यं ठेवली, तर गोष्टीचं काही बिघडतं का?

बुद्धिबळाच्या गोष्टीचं काही बिघडत नाही. गोष्ट भारतातली म्हणून सांगितली जाते, पण तिचे जुने लेखी धागे अरबी ग्रंथांत आहेत. अल-बिरुनीने इसवी सन १००० च्या सुमाराला, म्हणजे भारतात येण्याच्याही आधी, ही बेरीज शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर काढून ठेवली होती. त्याला रस रीतीत आहे. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचाही वर्ग केला की आपल्या संख्येहून एकाने मोठी संख्या हातात येते. चौसष्ट वेळा दुप्पट करायची गरजच नाही, सहा वेळा वर्ग केला की झालं. तेराव्या शतकात इब्न खल्लिकान याने आपल्या चरित्रकोशात सिस्सा नावाच्या भारतीय माणसाची आणि राजाची गोष्ट दिली, आणि प्रामाणिकपणे हेही लिहिलं की त्याला हा आकडा आधी पटतच नव्हता. अलेक्झांड्रियातल्या एका हिशेबनिसाने कागदावर मांडून दाखवला तेव्हा पटला. मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात आवडलेलं पात्र हा हिशेबनीस आहे. राजा, पंडित, दरबार यांच्या गर्दीत एकटा तोच बसून बेरीज करतोय.

पुढे गोष्ट जसजशी पसरत गेली तसतसा हा हिशेबनीस गळाला आणि राजाची फजिती उरली. सांगणारे शेवट आपापल्या मगदुराप्रमाणे करतात. कुठे तो माणूस मंत्री होतो, कुठे त्याचं डोकं उडवलं जातं. आजचा सांगणारा आणखी एक करतो, तो गव्हाचं वजन काढतो. हजार दाण्यांचं वजन साधारण चाळीस ग्रॅम धरलं तर हा ढीग सुमारे ७४,००० कोटी टनांचा होतो. सध्या जगभरात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, म्हणजे नऊशेहून जास्त वर्षांचं पीक. ऐकायला भारी वाटतं. पण इथे संख्या नुसतं विशेषण होऊन बसली आहे, ‘प्रचंड’ या शब्दाचा लांबलचक पर्याय. ती सम आहे की विषम, तिला कशाने भाग जातो, ती अशीच का आहे, याच्याशी राजालाही देणंघेणं नाही आणि सांगणाऱ्यालाही.

केरळमधल्या अंबलप्पुळच्या कृष्णमंदिरात याच गोष्टीचं एक रूप सांगतात. तिथे साधूच्या वेशातला कृष्ण राजाला बुद्धिबळात हरवतो आणि पैजेचे तांदूळ मागतो. राजाला देणं शक्य नसतं, तेव्हा देव म्हणतो की एकदम नको, रोज थोडं थोडं दे. म्हणून तिथे रोज पायसमचा नैवेद्य वाटला जातो. मूळ गोष्टीपेक्षा ही सरस आहे असं माझं मत. कर्ज कधीच फिटणार नाही हे दोन्ही पक्षांना माहीत असलेला हा जगातला सगळ्यात गोड हप्ता. तरी चाचणीत हीही नापास होते. वीस आकडी कर्जाऐवजी बावीस आकडी असतं तरी पायसम तेवढंच शिजलं असतं.

आता फोनबद्दल एक, कारण तुम्ही हे बहुधा फोनवरच वाचत असाल. तुमचा फोन चौसष्ट बिटांचा आहे. म्हणजे त्याच्या प्रोसेसरमधल्या एका खणात चौसष्ट जागा, प्रत्येकीत शून्य किंवा एक. सगळ्या जागांवर एक भरले की त्या खणात मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या तयार होते, आणि ती आपलीच. चौसष्ट घरं, प्रत्येक घरात दाणे आहेत की नाहीत एवढाच प्रश्न. बुद्धिबळाचा पट तुमच्या खिशात असतो. आणि तरीही त्याच फोनमधल्या ब्राउझरला ही संख्या साध्या जावास्क्रिप्टमध्ये छापायला सांगितली, तर तो १८४४६७४४०७३७०९५५२००० असं छापतो. तो संख्या ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात नेमकेपणा सुमारे सोळा आकड्यांपर्यंतच टिकतो, पुढचं तो जमेल तेवढं जवळचं धरतो. आपली संख्या विषम, हा आकडा सम. म्हणजे यंत्रसुद्धा शेवटी राजाच्या गोष्टीसारखंच वागतं: ‘खूप मोठी आहे, शेवटचे आकडे कशाला हवेत?’

मला शेवटचे आकडे हवे आहेत. आणि ते ज्या गोष्टीला हवे आहेत, ती गोष्ट नेमकी खोटी निघते. हीच या प्रकरणातली गंमत.

काशीला एक देऊळ आहे म्हणे. त्याच्या घुमटाखाली जगाचा मध्यबिंदू. तिथे पितळेच्या पाटावर हिऱ्याच्या तीन सळया, हातभर उंच, मधमाशीच्या अंगाएवढ्या जाड. सृष्टी निर्माण करताना देवाने एका सळईवर शुद्ध सोन्याच्या चौसष्ट चकत्या रचल्या, सगळ्यात मोठी तळाला, सगळ्यात लहान वर. पुजारी रात्रंदिवस त्या चकत्या एका सळईवरून दुसरीवर नेतात. नियम दोनच: एका वेळी एकच चकती उचलायची, आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. सगळा मनोरा दुसऱ्या सळईवर गेला की देऊळ, पुजारी आणि जग यांची धूळ होणार.

काशी म्हटलं की आपल्याला कोण आठवतं? विश्वनाथ. या गोष्टीत मनोरा मात्र ब्रह्मदेवाचा. ज्या देवाची देवळं देशभरात शोधावी लागतात, त्याला काशीत नेऊन जगाच्या मध्यावर बसवलं आहे. एवढ्यावरूनच संशय यायला हवा होता. ही गोष्ट १८८३ मध्ये पॅरिसमध्ये विकायला आलेल्या एका खेळण्यासोबत जगात आली. खेळण्याचं नाव ‘हनोईचा मनोरा’, त्यात लाकडाच्या आठ चकत्या. खोक्यावर कर्त्याचं नाव होतं प्राध्यापक एन. क्लॉस, सियामचे, ली-सू-स्तियान महाविद्यालयातले मँडरिन. या नावातली फ्रेंच अक्षरं उलटसुलट लावली की ‘लुकास, आमिएंचा’ असं वाचता येतं, आणि महाविद्यालयाचं होतं ‘सँ-लुई’. एदुआर लुकास हा आमिएं गावचा गणिती, पॅरिसच्या सँ-लुई शाळेत शिकवणारा. काशीचं देऊळ, सोन्याच्या चकत्या, त्यांना जडवलेले गोवळकोंड्याचे हिरे, हे सगळं सोबतच्या पत्रकात होतं. दुसऱ्या वर्षी आंरी द पार्व्हिल याने ‘ला नात्यूर’ या विज्ञान साप्ताहिकात ती गोष्ट आणखी सजवून लिहिली. राऊस बॉल यांच्या गणिती करमणुकीवरच्या लोकप्रिय पुस्तकातून ती इंग्रजीत आली, आणि तिथून परत आपल्याकडे, ‘प्राचीन भारतीय दंतकथा’ असा शिक्का घेऊन.

हनोई का, हेही बघण्यासारखं आहे. १८८२ च्या एप्रिलमध्ये फ्रेंच नौदल अधिकारी आंरी रिव्हिएर याने हनोईचा किल्ला घेतला होता, १८८३ च्या मे महिन्यात तो त्याच शहराजवळ मारला गेला. त्या वर्षी पॅरिसच्या वर्तमानपत्रांत हनोई रोज होतं. म्हणजे बातमीतलं शहर खोक्यावर आणि पौराणिक शहर पत्रकात. पूर्वेकडचं काहीही चालेल, फक्त लांबचं आणि सोनेरी दिसायला हवं. सियाम, टाँकिन, काशी, गोवळकोंडा हे त्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर एकाच धुक्यातले चार दिवे. लुकासने थट्टा केली होती आणि नावातच तिची किल्ली ठेवली होती, त्यामुळे त्याच्यावर मी फार चिडत नाही. आपण ती थट्टा भक्तिभावाने फॉरवर्ड करतो, ते मात्र मला अवघड जातं. कुणीतरी परक्याने आपल्याला गूढ आणि प्राचीन म्हटलं की आपण पुरावा मागत नाही. हार घालून घेतो.

पण आता चाचणी लावा. संख्या एकाने बदला. गोष्ट कोसळते.

का ते बघू. तळाची सगळ्यात मोठी चकती हलवायची तर ती एकटी मोकळी हवी, आणि जिथे न्यायची ती सळईही रिकामी हवी. म्हणजे बाकीच्या त्रेसष्ट चकत्या तिसऱ्या सळईवर गेलेल्या असल्याच पाहिजेत. त्यांना तिकडे न्यायचं, मोठी हलवायची, आणि त्या त्रेसष्ट परत हिच्यावर आणायच्या. म्हणजे त्रेसष्टांचं काम दोनदा, अधिक एक चाल. एका चकतीला १ चाल, दोनांना ३, तीनांना ७, चारांना १५, लुकासच्या खोक्यातल्या आठांना २५५, आणि चौसष्टांना आपली संख्या. त्याहून एकही चाल कमी करता येत नाही. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,५०० कोटी वर्षं, विश्वाच्या आजच्या वयाच्या बेचाळीसपट. हा ‘बापरे’ इथेही आहेच. पण तो कमावलेला आहे.

आणखी खोलात गेलं की कळतं, लुकासने काय केलं. तळाची चकती एकदाच हलते. तिच्यावरची दोनदा. तिच्यावरची चारदा. सगळ्यात वरची चिमुकली चकती एकाआड एक चालीत हलत राहते. एक, दोन, चार, आठ: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन... हा बुद्धिबळाचाच पट आहे, उभा केलेला. प्रत्येक चकती एक घर, तिच्या चाली म्हणजे त्या घरातले दाणे. चौसष्ट हा आकडा लुकासने पटावरूनच उचलला असावा असं मला वाटतं. पण त्याने दाण्यांच्या ढिगाचं काम करून दाखवलं. ढीग कितीही मोठा असू शकतो, काम मात्र नियमाने तेवढंच असतं. म्हणून साहित्य म्हणून बघायला गेलं तर हे बनावट काशीपुराण राजाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सच्चं आहे. तिथे संख्या नसेल तर गोष्टच नाही.

तरीही लुकाससुद्धा एका उंबरठ्यावर थांबतो. मनोऱ्याच्या गोष्टीतून संख्या कशी तयार झाली ते कळतं, तिच्या पोटात काय आहे ते कळत नाही. गणित शिकवणाऱ्या माणसाला ते माहीत असणारच. अविभाज्य संख्या ओळखण्याच्या विद्येत त्या काळी त्याच्या तोडीचे लोक मोजकेच होते. २ च्या १२७ व्या घातातून एक वजा केल्यावर येणारी एकोणचाळीस आकडी संख्या अविभाज्य आहे हे त्याने १८७६ मध्ये दाखवलं होतं. पण खेळण्याच्या पत्रकात हे कोण लिहिणार?

तर पोटात हे आहे:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७.

सात अविभाज्य अवयव, एकही दोनदा नाही. हे योगायोगाने आलेलं नाही. शाळेतलं वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र आठवा. २ च्या ६४ व्या घातातून एक वजा, म्हणजे ३२ वा घात वजा एक गुणिले ३२ वा घात अधिक एक. पहिल्या कंसाची पुन्हा तशीच फोड होते, पुन्हा होते, आणि शेवटी ‘अधिक एक’वाले सहा तुकडे हातात राहतात: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. यांना फर्मा संख्या म्हणतात. पिएर द फर्माने १६४० च्या सुमाराला ठामपणे मानलं की अशा सगळ्या संख्या अविभाज्य असतात. पहिल्या पाच आहेत. सहावीपाशी शंभरेक वर्षं कुणी काही बोललं नाही. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो. त्याने पुढे हेही सिद्ध केलं की हिचा कुठलाही विभाजक ६४ च्या पटीहून एकाने मोठाच असला पाहिजे (पुन्हा चौसष्ट, पण या वेळी पटाचा संबंध नाही). तशा अविभाज्य संख्या ओळीने तपासल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. पाचव्या प्रयत्नाला फर्माचा अंदाज कोसळतो.

हा भागाकार न करताही ६४१ चा दावा तपासता येतो, आणि तपासून बघाच, कारण तो फार देखणा आहे. ६४१ म्हणजे ६४० + १, आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी –१ धरता येते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. त्याचा चौथा घात केला की बाकी १ होते, आणि तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात. पण ६२५ आणि –१६ यांची बाकी सारखीच. म्हणून ६२५ च्या जागी –१६ ठेवा. १६ म्हणजे २ चा चौथा घात, तो अठ्ठाविसाव्यात मिळाला की बत्तिसावा. म्हणजे उणे २ चा बत्तिसावा घात, बाकी १. म्हणून २ च्या बत्तिसाव्या घातात एक मिळवला की बाकी शून्य. झालं. चार ओळींत.

एकदा हे कळलं की राजाच्या दरबाराकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. त्या ढिगाचे ६४१ जणांत अगदी सारखे वाटे पडतात, एकही दाणा उरत नाही. ६४० जणांत कधीच पडणार नाहीत, कारण ढीग विषम आहे. कुठल्याही सम संख्येच्या माणसांना तो सारखा वाटता येत नाही, नवरा-बायको दोघांनासुद्धा. आणि ६४१, ६७००४१७ हे दोन अवयव बाजूला ठेवून बाकीच्या पाचांचा गुणाकार केला तर येतात ४२९४९६७२९५, म्हणजे पटाच्या पहिल्या अर्ध्या भागातले एकूण दाणे. पट्टी आणि कंपास एवढ्यानेच ज्यांच्या सारख्या बाजूंच्या आकृत्या काढता येतात, अशा विषम बाजूंच्या आकृत्यांत आजवर माहीत असलेली सगळ्यात मोठी आकृती नेमकी इतक्या बाजूंची आहे. याची सुरुवात १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने सतरा बाजूंच्या आकृतीपासून केली. यातलं काहीही ‘राजा हादरला’ या वाक्यात मावत नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो मजकूर. त्यात राजा नाही, देऊळ नाही, प्रलय नाही. आणि तो आपल्याकडचा आहे, खात्रीने.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (शके १०७२, म्हणजे ११५०) एक छोटं उदाहरण आहे. एक दाता याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल करतो. महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? बस, एवढंच. दाता कोण, याचक कोण, काही नाही. उत्तर आहे २,१४,७४,८३,६४६ कवड्या. पण भास्कराचार्यांनी कवड्या विचारलेल्याच नाहीत, निष्क विचारले आहेत. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणून उत्तर असं: १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

त्या शेवटच्या सहा कवड्यांवर माझा जीव आहे. दोनशे कोटींच्या हिशेबात सहा कवड्या सोडल्या नाहीत. ब्राउझरने सोडल्या असत्या असं नाही, इथवर त्यालाही जमतं. पण गोष्ट सांगणाऱ्याने नक्की सोडल्या असत्या. इथे ‘बापरे’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही. मोठ्या संख्येसमोर हात जोडायचे नाहीत, तिला सुट्ट्या पैशांत मोडायचं. रीतही तशीच. तीस दिवस आहेत ना, मग सम असेल तर अर्धं करा आणि ‘वर्ग’ लिहा, विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ लिहा, शून्यापर्यंत जा. मग खालून वर: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४. तीस दुपटी आठ पायऱ्यांत. एक वजा करायचा आणि दोनाने गुणायचं. ही युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रातही आहे, लघु-गुरूंच्या रचना मोजण्यासाठी. अल-बिरुनीचा वर्गांचा जिना याच घरातला.

आणि हे उत्तर जरा पटावर ठेवून बघा. दात्याने दोनपासून सुरुवात केली, एकपासून नाही. म्हणजे तो दुसऱ्या घरापासून एकतिसाव्या घरापर्यंत चालला. पहिल्या घरातला एक दाणा मिळवला की २,१४,७४,८३,६४७ होतात. हा आकडा २०१४ च्या डिसेंबरमध्ये जगभर बातमीत होता. ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याला यूट्यूबवर इतके व्ह्यूज झाले, की मोजणारा बत्तीस बिटांचा काउंटर याच्या पुढे जाऊ शकत नव्हता. त्यांनी तो चौसष्ट बिटांचा केला. एक बिट चिन्हासाठी राखीव असल्याने आता मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ अशी आहे, म्हणजे पटाच्या पहिल्या त्रेसष्ट घरांची बेरीज. भास्कराचार्यांचं उत्तर आणि यूट्यूबची जुनी भिंत यांत एकाचा फरक. हे वाचून कुणी ‘आमच्याकडे बाराव्या शतकातच यूट्यूब होतं’ म्हणून फॉरवर्ड तयार करण्याआधी सांगतो, दुप्पट करत गेलं की सगळेच या घरांवरून जातात. त्या एकाच्या फरकाने स्वभाव मात्र पार बदलतो. २१४७४८३६४७ अविभाज्य आहे, ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. तिच्या अलीकडची कवड्यांची संख्या मात्र २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ अशा सगळ्यांना वाव देणारी.

‘लीलावती’लाही दंतकथा चिकटलीच. मुलीचं लग्न, घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेला मुहूर्त, आणि दुःखी मुलीसाठी बापाने लिहिलेलं पुस्तक. ती गोष्ट अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादातून पसरली. मूळ ग्रंथात मोती नाही. कवड्या आहेत. पण आज दहा जणांना विचारा, नऊ जण मोत्याची गोष्ट सांगतील आणि एकालाही दात्याचं गणित आठवणार नाही.

चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने शके ११२८ चा एक शिलालेख कोरवला. यादव राजा सिंघणाच्या दरबारातला हा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचं त्यात आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. लेख संस्कृत आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत, आणि तिथे विषय निघतो तो बाजाराचा: विकल्या जाणाऱ्या मालावरच्या करातलं मठाला काय द्यायचं. पाटणच्या पेठेत कुणी काही विकलं की त्यातला एक अंश कवड्यांची दुप्पट शिकवणाऱ्याच्या पोटापाण्याला जात होता. हिऱ्याच्या सळयांच्या देवळापेक्षा हे मला जास्त थरारक वाटतं, आणि याला दगडावरचा पुरावा आहे.

भास्कराचार्यांनी संख्यांच्या स्थानांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत, म्हणजे एकावर सतरा शून्यं. व्यवहारापुरती म्हणून. आपली संख्या त्यात १८४ परार्धांच्या पुढे जाते. त्यांनी चौसष्ट दिवसांचं उदाहरण घातलं नाही, कारण तेवढी कवडी कुणाच्या व्यवहारात येणार? पण रीत तीच चालते. दाता पहिल्या दिवशी एक कवडी देतो, रोज दुप्पट, चौसष्ट दिवस. मी कागदावर करून बघितलं, ब्राउझरला न विचारता. ९०,०७,१९,९२,५४,७४,०९९ निष्क, ३ द्रम्म, ३ पण आणि १५ कवड्या. काकिणी एकही नाही.